‘आत्या, शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस’

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

मी पुण्यात नोकरी करते. थोरला भाऊ गावी शेती करतो. घर माळकरी, तीन पिढ्यांची वारी. भावाचा मुलगा १३ वर्षांचा. आवाज गोड, हात तालात, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याला एका तीर्थक्षेत्री, महाराजांच्या खाजगी संस्थेत ठेवलं. दिवसा गावातल्या शाळेत जातो, सकाळ-संध्याकाळ संस्थेत पाठांतर आणि पखवाज. चाळीसेक मुलं आहेत. या दिवाळीत तो चार दिवस माझ्याकडे राहिला. एरवी आल्या आल्या पखवाज मांडीवर घेणारा पोरगा, या वेळी त्यानं गवसणीसुद्धा काढली नाही. पोटऱ्यांवर वळ होते. विचारलं तर म्हणाला, ‘पाठांतर चुकलं.’ शेवटच्या रात्री दिवा मालवल्यावर म्हणाला, ‘आत्या, महाराज रात्री खोलीत पाय चेपायला बोलावतात. मला नाही जायचं तिथं.’ पुढं काही बोलेना. मग म्हणाला, ‘शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस. बाबांना तर नाहीच.’ मी शपथ घेतली. भावाला आडून विचारलं, तर तो म्हणतो, गुरूचा मार म्हणजे प्रसाद आणि गुरूचे पाय चेपायला भाग्य लागतं. आमचे हे म्हणतात, ‘मुलगा आहे, मुलगी नाही. पुरावा काय आहे तुझ्याकडे?’ महाराज दरवर्षी आमच्या गावच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन करतात. काही निघालं नाही तर भावाला गावात तोंड दाखवता येणार नाही, आणि निघालं तर संप्रदायाची बदनामी. तुळशीचं लग्न लागलं की त्याला परत सोडायचं ठरलंय. मला वाटतं, काहीतरी निमित्त काढून त्याला गुपचूप दुसऱ्या संस्थेत घालावं. म्हणजे शपथही मोडणार नाही. बरोबर आहे का?

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच रात्री मी तुम्हाला उत्तर पाठवलं, कारण हे सदर छापून येईपर्यंत तुळशीचं लग्न होऊन गेलं असतं. त्या उत्तरात दोन गोष्टी होत्या. मुलाला परत पाठवू नका, आणि १०९८ ला फोन करा. तिसरी गोष्ट लिहिताना माझा हात जरा थबकला होता: तुम्ही कळवलं नाहीत, तर मला कळवावं लागेल. लहान मुलाचा लैंगिक छळ झाल्याची किंवा होण्याची धास्ती ज्याला वाटते, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे, असं पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं. त्यातून आत्या सुटत नाही आणि सदर लिहिणारी बाईही सुटत नाही. तुम्ही उलटटपाली लिहिलंत, ‘ताप आल्याचं सांगून त्याला ठेवून घेतलंय. फोन उद्या सकाळी करते. पण शपथेचं काय करू?’

त्या शपथेपासूनच सुरुवात करते.

तुमच्या भाच्याकडे चार दिवस होते. त्यानं शेवटची रात्र निवडली आणि दिवा मालवायची वाट पाहिली. मुलं अशीच बोलतात. माझ्याकडे पूर्वी एक मुलगा यायचा. तीनदा आला, तिन्ही वेळा क्रिकेटवर बोलला आणि सतरंजीचे दोरे उपसत बसला. चौथ्या वेळी आई बाहेर चपला घालत होती, हा दारात मोज्यात पाय कोंबत होता, आणि माझ्याकडे न बघता एक वाक्य बोलून गेला. एकच. त्याला सगळं सांगायचं नव्हतं. कुणीतरी ते ऐकून कोसळतं का, ओरडतं का, की उभं राहतं, एवढंच त्याला बघायचं होतं. तुमचा भाचा ‘कुणाला सांगू नको’ म्हणाला, पण त्याच दमात त्यानं तुम्हाला सांगितलं. गप्पच राहायचं असतं तर तो झोपून गेला असता. त्याला भीती आहे ती सांगितल्यावर काय होईल याची. बाबा मारतील, महाराजांना कळेल, बरोबरीची पोरं हसतील, पखवाज सुटेल. शपथ या भीतीपोटी मागितलेली आहे, ताई. भीती घालवायचं काम तुमचं. शपथ पाळून ती जाणार नाही.

म्हणून फोनच्या आधी त्याच्याजवळ बसा. समोर बसू नका, शेजारी बसा. मी असते तर साधारण असं म्हटलं असतं: ‘तू मला सांगितलंस ते फार चांगलं केलंस. तुझी यात काही चूक नाही. मी शपथ घेतली, पण मी घाईनं घेतली, ती मला पाळता येणार नाही, कारण मग तुला कुणी वाचवू शकणार नाही. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते मी आधी तुला सांगेन. तुझ्यामागून काही करणार नाही. आणि तू तिकडं परत जाणार नाहीस.’ तो रागावेल, रडेल, पाठ फिरवून झोपेल. चालेल. मीही तुमच्याशी हेच केलंय, बघा. तुमच्यामागून कळवण्याऐवजी आधी तुम्हालाच सांगितलं.

पुढं काय काय झालं ते खोदून विचारू नका. ‘कुठं हात लावला, किती वेळा’ हे प्रश्न तुमचे नाहीत. ते विचारायला शिकलेली माणसं आहेत, आणि मुलाला तेच तेच पुन्हा सांगावं लागलं की त्याला त्रास होतो, शिवाय पुढं वकील त्याच्या प्रत्येक शब्दाचा कीस पाडतात. त्यानं स्वतःहून जे शब्द वापरले, तेच्या तेच एका कागदावर उतरवा, तारीख घाला. ‘पाय चेपायला बोलावतात’ म्हणाला असेल तर तेवढंच लिहा. त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढू नका. वळांचे फोटो मात्र काढून ठेवा, चेहरा न दाखवता. आणि महाराजांना जाब विचारायला कुणीही जाऊ नका. संतापाच्या भरात भाऊ गेला, तर तिथल्या बाकीच्या पोरांची तोंडं बंद व्हायला एक रात्र पुरते.

आता ‘पुरावा काय’ हा प्रश्न. तुमच्या घरी तो वाजवी म्हणूनच विचारला गेला असेल, पण तो चुकीच्या माणसाला विचारलाय. शोध घेणं पोलिसांचं काम आहे, पुरावा तोलणं न्यायालयाचं. शंका रास्त असेल तर ती पोचवणं एवढंच तुमचं काम. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर, पुढं काही सिद्ध झालं नाही तरी, कारवाई होत नाही. शिक्षा आहे ती जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला. उलट न कळवणं हा गुन्हा आहे, त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर वर्षापर्यंत. हे कागदावरच राहतं असं समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यात वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरवर, माहीत असून कळवलं नाही म्हणून गुन्हा नोंदला गेला होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं.

‘मुलगा आहे, मुलगी नाही.’ हे वाक्य मला इतक्या घरांतून ऐकू येतं की तुमच्या यजमानांना मी दोष देणार नाही. पण २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि त्या सोसणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. मुलीला एकटी पाठवताना आपण दहादा विचार करतो. मुलग्याला पेटी-वळकटीसह सोडून येतो आणि फाटकातूनच मागं फिरतो. तो कुठं झोपतो, मोरीला कडी आहे का, रात्री दिवा असतो का, हे कुणी विचारत नाही. पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी आहे, मुलगा असो की मुलगी. आणि शिक्षण देणाऱ्या किंवा धार्मिक संस्थेतल्याच माणसानं तिथल्या मुलाशी असं केलं, तर कायदा ते जास्त गंभीर धरतो, कारण मूल विश्वासानं तिथं ठेवलेलं असतं.

पाय चेपण्याबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण भाऊ नेमका तिथं अडलाय. मीही आजोबांचे पाय चेपलेत. ओसरीवर, दिवेलागणीला, आजी समोर वाती वळत असायची आणि मी कंटाळले की उठून पळायची. थोरांची सेवा म्हणतात ती ही. तुमच्या भाच्यानं सांगितलेल्या गोष्टीत रात्र आहे, खोली आहे, एकटा मुलगा आहे, ‘नाही जायचं’ आहे आणि बापाची भीती आहे. भावाला या दोन्हींतला फरक सांगा. गुरुसेवा वाईट असं म्हणू नका, म्हटलंत की तो ऐकायचा थांबेल. ‘दादा, तू महाराजांचे पाय चेपलेस तेव्हा मंडपात शंभर माणसं होती,’ एवढं म्हणा.

माराचंही तसंच. शिक्षणहक्क कायद्यानं शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीनं मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्या कायद्यातून वगळल्या गेल्या. त्यामुळं पुष्कळ महाराजांना, मौलवींना आणि पालकांनाही वाटतं की आत कायदा चालतच नाही. चालतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ७५ मुलाचा ताबा असलेल्या कुणाही क्रूर माणसाला लागतं, आणि मुलांना सांभाळणाऱ्या संस्थेचा चालक किंवा नोकर असेल तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे. पाठांतर चुकलं म्हणून पोटरीवर वळ उठवणाऱ्याला यात सूट नाही.

आणि बदनामी. ताई, माझंही माहेर माळकरी, त्यामुळं हा शब्द कुठून येतो ते मला कळतं. आळंदीतल्या खाजगी संस्थांमधले असे गुन्हे गेल्या काही वर्षांत नोंदले गेले, अटका झाल्या, तेव्हा आमच्या घरीही पेपर उलटा घालून ठेवला होता. पण विचार करा, आपला संप्रदाय कुठून सुरू होतो? संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं, अशा आईबापाविना चार लेकरांपासून. त्या वेळच्या धर्माच्या अधिकाऱ्यांनी त्या लेकरांचं ऐकून घेतलं नव्हतं, आणि आपण साडेसातशे वर्षं त्या लेकरांच्या बाजूनं उभे आहोत. आज एक १३ वर्षांचा पोरगा काही सांगतोय आणि त्याच माऊलीचं नाव घेऊन आपण त्याला गप्प बसवायचं? जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. त्या परंपरेत शिकून कीर्तनाला उभी राहिलेली किती निर्मळ माणसं तुम्ही-आम्ही ऐकलीत. तीन खोल्या भाड्यानं घेऊन, पाटी लावून, चाळीस पोरं ठेवणाऱ्या कुणाही माणसाला त्या सगळ्यांच्या पुण्याईचं पांघरूण घेऊ देणं ही खरी बदनामी.

मला मिळणारी पत्रं काही एकाच धर्माच्या घरांतून येत नाहीत. चर्चच्या बोर्डिंगमधल्या मुलीच्या आईचं आलंय, मदरशात शिकणाऱ्या मुलाच्या मामाचं आलंय. शब्द बदलतात, बाकी पत्र तुमचंच असतं. आणि जवळजवळ प्रत्येकात तो तुमचा शेवटचा प्रश्न असतो: गुपचूप काढून घेऊ का?

गुपचूप काढल्यानं काय होतं ते जगानं पाहिलंय. २००२ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात वर्तमानपत्रानं उघड केलं की मुलांचा छळ करणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठ वर्षानुवर्षं एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये नुसते हलवत होते, ओरड होऊ नये म्हणून. प्रत्येक नव्या ठिकाणी नवी मुलं. अखेर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना आणि नन्सना असा प्रकार कळताच वरच्या अधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक केलं. तुम्ही भाच्याला हलवाल. महाराज तिथंच राहतील आणि त्याची अंथरुणाची जागा दुसरा कुणी घेईल, बहुधा ज्याला पुण्यात आत्या नाही असा. तुमच्या भाच्यालाही हे कळतं. मोठी झालेली अशी मुलं माझ्याशी बोलतात तेव्हा स्वतःच्या दुःखाइतकंच हे सांगतात: ‘मी सुटलो, पण माझ्यानंतर तो लहानगा तिथं होता.’

फोन केल्यावर काय होतं ते सांगते, कारण निम्मी भीती न माहीत असण्याची असते. १०९८ ही १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली मुलांची हेल्पलाइन, आता सरकार चालवतं, चोवीस तास, फुकट. ते जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षाशी जोडून देतात. थेट पोलीस ठाण्यातही जाता येतं, आणि गुन्हा दुसऱ्या जिल्ह्यात घडला असला तरी तुमच्या जवळच्या ठाण्यात नोंदवून घ्यावाच लागतो. ‘तिकडं जा’ म्हणाले तर हलू नका. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेश न घालता. त्याचा विश्वास आहे असं माणूस जवळ बसू शकतं, ते तुम्ही. रात्री त्याला ठाण्यात थांबवता येत नाही. चोवीस तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समितीकडून खटला संपेपर्यंत सोबत करणारी एक सहाय्यक व्यक्ती मिळते. ती मागून घ्या. वकील सरकारी खर्चानं मिळतो. मुलाचं नाव, गाव, शाळा, फोटो कुणालाही छापता येत नाही.

सोपं आहे असं मी म्हणणार नाही. खटला शक्यतो वर्षात संपवा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात बरेचदा जास्त लागतं. पेपरात नाव आलं नाही तरी गावात कुजबुज होईल. सप्ताहाच्या वेळी काही माणसं भावाशी बोलणार नाहीत. पण मुलगा घरी असेल, आणि त्याला दिसत असेल की माणसं त्याच्यासाठी उभी आहेत.

भावाला तुम्हीच सांगा, फोनवर नको, गावी जा. त्याला दुष्ट समजू नका. त्यानं पोटाला चिमटा काढून पोराला देवाच्या दारी ठेवलं, आपला मुलगा कीर्तनकार होईल हे स्वप्न त्यानं पाहिलं. तो ओरडेल तेव्हा त्याला तुमचा राग आलेला नसेल, ‘मीच सोडून आलो’ हे त्याला सहन होत नसेल. ‘चूक तुझी नाही दादा, पण आता माहीत झाल्यावर परत पाठवलंस तर ती तुझी’ असं स्पष्ट बोला. त्याची संमती मिळाली नाही तरी तक्रार थांबत नाही. कायद्याला बापाची परवानगी लागत नाही. तो मुलाला ओढून नेईल असं वाटलं तर ते १०९८ वरच्या माणसाला पहिल्याच फोनवर सांगा.

ज्यांची मुलं अशा संस्थांत आहेत किंवा जूनमध्ये जायची आहेत, त्यांनी हे वाचून मुलाला घरात कोंडू नये. पण सोडायला जाल तेव्हा सभामंडप बघून परतू नका, झोपायची जागा बघा. मोठी माणसं कुठं झोपतात, मोठी मुलं आणि लहान मुलं एकत्र असतात का, कुणाला एकट्याला रात्री खोलीत बोलावतात का, हे तोंडावर विचारा. चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट चालक स्वतः उठून खोल्या दाखवतात. संस्था कुणाच्या परवानगीनं मुलं ठेवते ते विचारा. धर्मादाय आयुक्तांकडं न्यास नोंदला म्हणजे मुलं ठेवायची परवानगी मिळाली असं होत नाही. न कळवता भेटायला जा, अधूनमधून, वेळ बदलून. मुलाला कुणी शेजारी उभं नसताना फोन करता आला पाहिजे. आणि घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. एका आईनं ‘लोणचं संपलं’ असा ठरवला होता; मुलानं फोनवर तेवढं म्हटलं की बाप दुसऱ्या दिवशी दारात. तेरा-चौदाच्या मुलांना हेही सांगा की अंगाला हात लावू नको म्हणणं महाराजांनाही चालतं, सरांनाही, फादरनाही, घरच्या काकालाही, त्यानं देव कोपत नाही. हे आपण त्यांना कधी मोठ्यानं सांगितलेलंच नसतं.

ताई, एक शेवटचं. मुलाला संस्थेतून काढाल तेव्हा घरचे म्हणतील, आता ते टाळ-पखवाज पुरे, नीट शाळा शिक. तसं होऊ देऊ नका. पखवाज त्याचा आहे, महाराजांचा नाही. पुण्यात शिकवणारे पुष्कळ आहेत, दार उघडं ठेवून, आईबापांना बसू देऊन शिकवणारा बघा. घाई नको. वाद्य गवसणीत राहू दे, पण माळ्यावर टाकू नका, त्याच्या नजरेसमोर ठेवा. डाव्या तोंडाला लावायची कणीक तोच मळत होता ना? कधीतरी पोळ्यांची कणीक भिजवाल तेव्हा एक गोळा त्याच्यासाठी बाजूला ठेवा, काही न बोलता. नाही घेतला तर त्याची पोळी लाटा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा.

फोन झाला की मला एक ओळ कळवा. रात्री कितीही वाजता.